फॉर्मात ‘मुद्दाम’चा रकाना नाही

सोमवार, ८ सप्टेंबर

सकाळी सव्वासहाला स्कूटी स्टँडवर लावली आणि वास आला. हेक्झेनचा. पेट्रोलसारखाच, पण जरा गोडसर. सोयाबीनमधून तेल ओढून काढायला हेच लागतं. नऊ वर्षांत नाकात मुरलंय. पण आज वास यायचं कारणच नाही. प्लांट बंद, सीझनच्या आधीच्या दुरुस्त्या चालू, टाकी निम्मी भरलेली, सगळे व्हॉल्व्ह बंद.

हेल्मेट डोक्यावर तसंच. टाकीच्या आवाराकडे पळाले तर पंप ऑपरेटर गजानन समोरून पळत येत होता. “मॅडम, तिकडे नोका येऊ! खालचा व्हॉल्व्ह चालू हाये!”

चालू होता. बोटभर. त्याच्या तोंडावरची लोखंडी टोपी काढून शेजारच्या विटेवर ठेवलेली. पडलेली नाही. ठेवलेली. खालच्या सिमेंटच्या हौदात हेक्झेन साचलेलं. मी थांब म्हणेपर्यंत गजानन श्वास रोखून आत गेला, व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, पायरीवर बसून खोकत राहिला. मी भोंगा वाजवला, सगळ्यांना गेटबाहेर काढलं, हौदावर फोम मारून घेतला.

आठ वाजता तिथून साठ पावलांवर वेल्डिंग सुरू होणार होतं. परवान्यावर शनिवारची माझी सही. ठिणगी पाडण्याआधी वेल्डर गॅस तपासतो, असं कागदावर आहे.

आणि तिथला गॅस डिटेक्टर गप्प का? त्याच्या तोंडावर काळी कॅरीबॅग. वरून टेप. दोन वेढे.

रात्री भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. नवऱ्याने, विलासने, विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. मग सगळं सांगितलं.

मंगळवार, ९ सप्टें.

बैठक. प्लांट मॅनेजर सरोदे साहेबांचा निकाल आधीच लागलेला.

“मानवी चूक. गजाननने व्हॉल्व्ह बघायला टोपी काढली आणि विसरला.”

“आणि कॅरीबॅग?”

“रंगारी आले होते ना मागच्या आठवड्यात. रंग उडू नये म्हणून बांधली असेल.”

रंगारी बॉयलरकडे होते. टाकीकडे कोणी ब्रश फिरवलेला नाही. तिथला गंज मी रोज बघते. हे सांगितलं. साहेब हसले. “प्रतिभाताई, तुम्ही सेफ्टीच्या. पोलिसांचं काम पोलिसांना करू द्या.”

“मग पोलिसांना बोलावू?”

“कशाला?”

अपघात-अहवालाचा फॉर्म पुढे सरकवला. कारण: तीनच चौकोन. यंत्रातील बिघाड. मानवी चूक. नैसर्गिक कारण. वीज पडली तर चौकोन आहे, गजानन विसरला तर चौकोन आहे. कोणी समजून-उमजून, ठरवून येऊन, डिटेक्टरचं तोंड बांधून व्हॉल्व्ह उघडला तर त्याला जागा नाही.

म्हणाले, मानवी चूक यावरच टिक करा, शेवटी ती माणसानेच केली ना.

हा विनोद होता. बैठकीतले दोघे हसलेसुद्धा.

बुधवार, १०

गेटचं रजिस्टर मागायला सिक्युरिटीच्या खोलीत गेले. सुपरवायझर ढवळे, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, सगळे त्यांना फौजी म्हणतात. नऊ वर्षांत त्यांच्या खोलीत माझं हे पहिलं पाऊल. मी उत्पादन विभागात, ते प्रशासनात. माझी बैठक सोमवारी, त्यांची होतच नाही.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, सोमवारी पहाटे तुमची माणसं कुठे होती?

“ढेपीच्या गोदामावर.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा. ऑर्डर तशी हाये. पोती चोरी जातेत म्हून.”

“आणि टाकीवर?”

फौजींनी चष्मा काढला. “मॅडम, त्या टाकीत काय हाये हे मले आजपावतर कोनं सांगतलं? गेटवर तुमचा नकाशा टांगला हाये, पन त्यातलं कधी समजावलं काय मले? मी त समजत होतो पान्याची टाकी हाये. पलीकडं दुसरी हाये ना तशीच, पांढरी.”

खरंच नव्हतं समजावलं. दर सहा महिन्यांनी कामगारांचं प्रशिक्षण घेते. सिक्युरिटीचे लोक त्या यादीत कधी नव्हतेच. मीच यादी करते.

त्यांच्यावर राग घेऊन गेले होते, अर्धा स्वतःवर घेऊन आले. उरलेला अर्धा वरच्यांवर. ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, चोरीला गेली तर सहा माणसं उभी. सगळा रस्ता पेटवू शकेल अशा टाकीवर एक कुत्रं नाही.

गुरुवार, ११

फौजींबरोबर पूर्ण प्लांट फिरले. मी सांगायची इथे काय आहे, काय पेटतं, वारा कुठून. ते बोलत नव्हते, फक्त बघत होते. ते माझ्यासारखं बघत नाहीत. मी बघते: काय गंजलंय, काय गळतंय, कोण घसरेल. ते बघतात: कुठून येता येतं, कुठं लपता येतं, कोणाला दिसत नाही.

मागच्या भिंतीला नाल्याजवळ भगदाड. आमचेच लोक चहा आणि तंबाखूच्या खर्र्यासाठी त्यातून जातात. मला माहीत होतं. पायाला लागेल म्हणून दोनदा तक्रार केली होती. पायाला लागेल म्हणून! त्यातून कोणी आतही येईल, हे नऊ वर्षांत सुचलं नाही.

फौजी तिथे उभे राहिले. “मले वाईटच करायचं असंल मॅडम, त मी गेटवर कायले येऊ?”

मग किल्ल्या. टाकीच्या आवाराच्या फाटकाच्या सहा किल्ल्या; खिळ्यावर पाच. सहावी शिमग्यात काम सोडून गेलेल्या एका ऑपरेटरच्या नावावर. त्याच्याकडून हेल्मेट आणि बूट परत घेतल्याची पावती आहे. किल्ली कोणी मागितली नाही. त्यानेच ठेवली की इथेच कोणाच्या खिशात आहे, देव जाणे. त्या माणसाचं नाव इथेही लिहीत नाही. उद्या मीही गजाननसारखंच कोणालातरी चिकटवायची.

भिंतीपलीकडे पुंडलिककाकांचा भाजीचा मळा. मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, वांगी. रोज सकाळी वाशीमच्या बाजारात. काका भगदाडातूनच बोलले.

“सोमवारी झुंजुरकाच, उजाडाच्या आंधी, एक जन निंगाला ना इथून. डोक्याले दुपट्टा. मी मोटर चालू कराले आलतो. मले पाह्यलं आन् लगबग नाल्यानं गेला.”

“काका, मग सांगितलं का नाही?”

“सांगतलं ना बाई! गेटवर गेलो. थो शिपाई म्हने, काका, तुमच्या वांग्यात डुक्कर शिरलं असंल.”

फौजींचा चेहरा उतरला. शिपाई त्यांचाच. फोनवरूनच त्याला विचारलं, लिहून का नाही घेतलं? तर म्हणे गेटच्या रजिस्टरमध्ये फक्त येणारी-जाणारी वाहनं लिहायची. माझ्या रजिस्टरमध्ये फक्त अपघात. काकांनी पाहिलेला माणूस ना वाहन ना अपघात. म्हणून तो झालाच नाही.

फौजींनी तिथेच बांधावर बसून काकांचं म्हणणं कागदावर उतरवलं. काकांनी सही केली, वर कोथिंबिरीची जुडी दिली.

शनिवार, १३

गजाननला घरी बसवलं. “चौकशी होईपर्यंत.” चौकशी कोण करतंय ते कोणालाच माहीत नाही.

गेटवर त्याची पिशवी उलटी करून पाहिली. डबा, गमछा, चष्म्याची पेटी. एकवीस वर्षं इथे कंत्राटी. व्हॉल्व्ह बंद करायला श्वास रोखून आत गेलेला एकमेव माणूस, आणि पिशवी उलटी झाली ती त्याची.

मी साहेबांकडे गेले. काकांचा जबाब पुढे ठेवला. न वाचता म्हणाले, “भाजीवाल्याचं काय ऐकता? त्यांना आपल्या सांडपाण्याचा राग आहे.”

राग आहे, खरं आहे. मग राग असलेली माणसं भिंतीपलीकडे राहतात, हेही तुम्हाला माहीत आहे, तरी भगदाड तसंच? हे तोंडावर म्हणायला हवं होतं. जिन्यात सुचलं.

अहवाल तयार होऊन आला. मानवी चूक. खाली माझं नाव टाइप केलेलं. सहीची जागा रिकामी.

रिकामीच ठेवली.

सोमवार, १५

पुन्हा अहवाल. पुन्हा नाही म्हटलं.

साहेब या वेळी दार लावून, मऊ आवाजात. ऑक्टोबरात सीझन सुरू करायचाय. मुद्दाम हा शब्द एकदा कागदावर आला की पोलीस, विमावाले, निरीक्षक, सगळे. मालक कोणालाच सोडणार नाहीत. “आणि ताई, कोण कशाला मुद्दाम करेल? हे वाशीम आहे. इथे कोण दहशतवादी येतोय?”

दहशतवादी म्हटलंच नाही मी! कामावरून काढलेला असेल, कंत्राट हुकलेला असेल, कोणाच्या शेतात पाणी गेलेलं असेल, कोणी नुसता डोक्यात राख घालून घेतलेला असेल. माणसाला राग यायला मोठं शहर लागत नाही.

हे मात्र तोंडावर म्हटलं. आवाज बाहेरपर्यंत गेला असावा. चहावाली बाई दाराशी थबकली होती.

विलास म्हणतो, सही करून टाक, तुझ्याच्याने काय बदलणार आहे. मग अर्ध्या तासाने स्वतःच, “नको करूस.” त्यालाही ठरवता येत नाहीये. शाळेत त्याच्या वर्गात प्लांटमधल्या लोकांची आठ पोरं आहेत.

गुरुवार, १८

रजा टाकून केनवडला गेले. गजाननचं घर बसस्टँडच्या मागे. त्याची बायको सुनीता दारातच, आत या म्हणाली नाही.

“तुमीच ना त्याले सेफ्टीचं बक्षीस देल्लं होतं? भितीवर लावलं हाये पाहा. मंग आता त्याच मानसाले घरी काहून बसवलं? गावात लोक काय म्हनून राह्यले माहीत हाये काय? म्हने, गजानन प्लांट उडवाले निंगाला होता! पोरीचं जमून राह्यलं होतं, तिकडच्याईचा फोन बंद हाये तीन दिवसापासून.”

मी नाही बसवलं, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. तिच्या लेखी कंपनी म्हणजे मीच. तिचं चुकलं कुठे.

गजाननने खुर्ची आणून दिली. शांत होता. ते जास्त लागलं. म्हणाला, “मॅडम, एक सांगू? टोपी मी काढली असती त विटेवर ठेवली नसती. मी खिशात ठेवतो. एकवीस वर्सापासून. हरपू नये म्हून.”

एवढी साधी गोष्ट. त्याला कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, आजपर्यंत.

परतीच्या गाडीत सगळं लिहून काढलं. टोपी: खिशात ठेवायची सवय. इतर दोन पंपवाल्यांना फोन केले. दोघांनीही दुजोरा दिला. एक म्हणाला, “त्याच्या सगळ्या पँटचे खिसे तेलानं काळे हायेत मॅडम.”

रविवार, २१

सुट्टीच्या दिवशी फौजी आमच्या घरी. दिवसभर जेवणाच्या टेबलावर कागद.

माझी दरवर्षीची धोक्यांची यादी काढली. कोणता व्हॉल्व्ह गळू शकतो, कोणता पंप तापू शकतो, वीज गेली तर काय. प्रत्येक ओळीसमोर फौजींनी एक नवा रकाना आखला: हेच कोणी मुद्दाम केलं तर? कोण करू शकतो, आपल्याला कधी कळेल, कोण अडवेल.

शंभरावर ओळी. पहिल्या वीसमध्येच पेन खाली ठेवलं. माझी सगळी यादी एका विश्वासावर उभी: एका वेळी एकच गोष्ट बिघडते. व्हॉल्व्ह गळला तर डिटेक्टर ओरडेल. डिटेक्टर बिघडला तर व्हॉल्व्ह तरी धड असेल. लोखंड असंच वागतं. माणूस नाही. तो आधी डिटेक्टरचं तोंड बांधतो, मग व्हॉल्व्हला हात घालतो.

दुपारी जोरात भांडलो. प्लांटचं मागचं दार. मी म्हणाले, आग लागली तर पळायला ते उघडंच हवं. ते म्हणाले, उघडं दार म्हणजे आमंत्रण. मी म्हणाले, कुलूप लावून माणसं कोंडून मारणार का? ते म्हणाले, मॅडम, उघडं ठेवून कोनाले बोलावता? विलासने चहा आणून ठेवला, दोघांनीही प्यायला नाही. शेवटी त्याच्याकडूनच निघालं. शाळेच्या हॉलला आहे तसं, आतून दांडा ढकलला की उघडणारं, बाहेरून मूठच नसलेलं. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसलो. नऊ वर्षं हे दार आहे. नऊ वर्षं आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना.

मग गेटवरच्या बोर्डाचा नकाशा. अग्निशमनवाल्यांसाठी मी त्यावर हेक्झेनची टाकी लाल रंगात दाखवली होती. फौजी म्हणाले, “चोरालेही लालच रंग दिसते.” तो नकाशा आत, गेटच्या खोलीत ठेवायचा, गाडी आली की हातात द्यायचा.

बारा पानं झाली. खाली दोन सह्या. त्यांचं कंत्राट वर्षावर्षाला वाढवतात, हे सही केल्यावर बोलले.

सोमवार, २२. घटस्थापना.

घट बसवून पळत प्लांटवर. बाहेरचे ऑडिटर येणार होते. बारा पानं त्यांच्यापुढे ठेवली. दोन पानं चाळली. “चांगलं काम आहे मॅडम. पण हे आमच्या कक्षेत येत नाही. आम्ही सेफ्टी बघतो, हे सिक्युरिटीत जातं.”

“सिक्युरिटीचं ऑडिट कोण करतं?”

“ते... कंपनी स्वतः.”

अग्निशामक नळकांडी मोजली, त्यावरच्या तारखा पाहिल्या, जेवले, गेले. अहवालात लिहिलंय: समाधानकारक.

समाधान कोणाचं?

बुधवार, २४

लिहिताना अजून कानशिलं तापलेली.

गेल्या आठवड्यापासून मी आणि फौजी रोज सकाळी सहाला एकत्र फेरी मारतो. आज टाकीजवळ पोहोचलो तर डिटेक्टरवर पुन्हा कॅरीबॅग. काळी. टेप. दोन वेढे. व्हॉल्व्ह बंद होता, टोपी जागेवर. बहुतेक आमची चाहूल लागली असावी.

पहिल्यांदा मनात काय आलं? आनंद. गजानन सुटला! तो अकरा दिवस झाले केनवडला आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. कोणीतरी पुन्हा आग लावायला आलं होतं आणि मी खुश.

पिशवीला हात लावला नाही, फोटो काढले, साहेबांना बोलावलं. ते आले, वाकून टेपचे वेढे पाहिले. मला वाटलं, आता. आता तरी.

“ताई, तुम्हाला बरं सगळं सापडतं.”

मला आधी कळलंच नाही. फौजींना कळलं. ते एक पाऊल पुढे झाले. “साहेब, काय म्हनून राह्यले तुमी?”

“काही नाही. इतकंच, की पहिल्यांदा ताईच होत्या, आताही ताईच. आणि ताईंना मुद्दाम हा शब्द फार आवडतो.”

नऊ वर्षं. या माणसाच्या मुलीच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्यात.

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं: “दोन आठवडे मी विचारतेय कोणी केलं असेल, तेव्हा कोणावर संशय घ्यायची तुमची तयारी नव्हती. आज पहिल्यांदा घेतला, तो माझ्यावर?”

गुरुवार, २५

लेखी खुलासा मागितलाय. “आपण सदर ठिकाणी सकाळी सहा वाजता का उपस्थित होता?” सेफ्टी ऑफिसर टाकीजवळ का होती, हा प्रश्न! भगदाडातून येणाऱ्याला कोणी विचारलेला नाही.

खुलासा एका ओळीत दिला. “तिथे दुसरं कोणी नसतं म्हणून.”

मग बारा पानं, काकांचा जबाब, टोपीबद्दलच्या जबान्या, फोटो, सगळ्याच्या दोन प्रती. एक कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने, एक पोलीस ठाण्यात हातोहात. फौजी सोबत आले. ठाण्यातला हवालदार पानं उलटत म्हणाला, “म्हंजे आग लागली नाई?”

“नाही.”

“कोनी मेलं नाई?”

“नाही.”

“मंग तक्रार कायची?”

फौजी टेबलावर दोन्ही हात टेकवून वाकले. “साहेब, तक्रार आमी आग लागायच्या आंधी घेऊन आलो. आग लागल्यावर याले आमी जितेच राह्यलो नसतो.” हवालदाराने पोच दिली. शिक्का वाकडा बसलाय, पण बसलाय.

शनिवार, २७

माझी बदली. लॅबमध्ये. सोयाबीनचा ओलावा मोजायचा. पगार तोच, फक्त टाकीच्या आवारात जायला आता परवानगी लागणार. म्हणजे नऊ वर्षांत तिथे पहिल्यांदा कोणाला तरी अडवलं. मला.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.

यंत्रांची पूजा. पंपांना झेंडूचे हार, बॉयलरला कुंकू. सरोदे साहेबांनी भाषण केलं, आपल्यासाठी सुरक्षा प्रथम. टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी फौजींनीही नाही. आमच्या दोघांचे हात बांधलेले बघून मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

पण भगदाड बुजवलंय! काल गवंडी आला होता म्हणे. फाटकाला नवं कुलूप. टाकीवर दोन पहारेकरी, तीन पाळ्या. मागच्या दाराला आतला दांडा. आमच्याच पानांवरचं एकेक, आमचं नाव न घेता. कोणी कबूल केलं नाही की काही चुकलं होतं. अहवालात अजूनही मानवी चूकच. सही? आता लॅबमधल्या ज्युनिअरला सेफ्टी ऑफिसर केलंय. त्याने केली.

बरं वाटायला हवं. भिंत तर बांधली. पण राग शमत नाही. भिंत बांधली म्हणजे भगदाड होतं हे त्यांना पटलं होतं. पटलं होतं, तरीही गजाननला घरी बसवून ठेवलं.

शुक्रवार, ३

गजाननला पत्र गेलं. “कामावर रुजू व्हावे.” चार शब्दसुद्धा नाहीत. निर्दोष आहेस, नाही. चूक झाली, नाही. सुनीताचा फोन आला. “मॅडम, या चिठ्ठीवर मी तिकडच्याईले काय दाखवू?”

मी माझ्या हाताने एक पत्र लिहून पाठवलं. कंपनीचा शिक्का नाही त्यावर, माझी सही आहे. चालेल का माहीत नाही.

सोमवार, ६

निरीक्षक आले. तरुण आहेत, बारा पानं खरंच वाचलेली, कोपरे दुमडलेले. दीड तास बसले माझ्याशी आणि फौजींशी. मुद्दामच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हे सगळ्या प्लांटना लागू करायला हवं, पण असा नियम स्पष्ट नाही, वर लिहितो. वर म्हणजे किती वर, विचारलं नाही.

जाताना विचारलं, “तुमचा स्वतःचा संशय कोणावर?”

तोंडात एक नाव आलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. म्हटलं, माहीत नाही.

पोलिसांनी कॅरीबॅग नेलीये. अजून निरोप नाही.

बुधवार, ८ ऑक्टो.

नवीन सोयाबीनचे ट्रॅक्टर गेटबाहेर रांगेत, किन्हीराजा गावाकडचे जास्त. प्लांट सकाळी सुरू झाला. ओलावा जास्त आहे. दिवसभर नमुनेच नमुने.

जेवणाच्या सुट्टीत गजानन लॅबच्या दाराशी. पहिल्यांदाच आत येऊन बसला. डबा उघडला नाही.

“कसं चाललंय?”

“चांगलं हाये जी. पंप बरोबर चालून राह्यले.”

मग थोड्या वेळाने, “मॅडम, मी टाकीकडं गेलो ना, त नवे पहारेवाले, आपले जुने पोरं, सारे माह्या हाताकडं पाह्यतेत. मी पाना उचलला त पाह्यतेत. मी खिशात हात घातला त पाह्यतेत. कोनी काई म्हनत नाई. मलेच काई म्हना, म्हनलं, पन कोनी म्हनत नाई.”

मी म्हटलं, दिवस जाऊ दे. ज्याने केलं तो सापडला की थांबेल.

“आन् नाई सापडला त?”

सकाळी हजेरीला मीही उभी होते. सगळे ओळखीचे, सगळ्यांनी नमस्कार घातला, आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत मनात म्हणत होते, तू? तू? साहेबांनी शोध घेतला असता तर एकावरच संशय राहिला असता. घेतला नाही, म्हणून सगळ्यांवर आहे. हे कोणत्या अहवालात येईल?

गजानन उठला. टेबलावरची नमुन्याची बाटली कडेला आली होती, ती आत सरकवायला त्याने हात पुढे केला.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं.

त्यानेही पाहिलं, की मी पाहिलं.